गोळीची सवय, तंबाखूचं व्यसन

मावशी चार दिवसांसाठी दापोलीला गेली आणि नैराश्यावरच्या गोळ्यांची स्ट्रिप फ्रिजवरच्या डब्यातच राहिली. तिसऱ्या दिवशी गरगरायला लागलं, मान वळवली की डोक्यात वीज चमकल्यासारखे झटके. फोनवर रडकुंडीला आलेली: "बघ, या गोळ्यांचं व्यसनच लागलंय मला."

काकांच्या खिशात तंबाखूची पुडी आणि चुन्याची डबी मात्र होतीच. हे दोन्ही काका कधीच विसरत नाहीत.

आपण दोन्हींना 'सवय लागली' म्हणतो. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांचाही असाच घोळ झाला होता. त्यांच्या 'डीएसएम' या निदानग्रंथाची १९८७ची आवृत्ती ठरताना 'ॲडिक्शन' नको, त्याने माणसाला कलंक लागतो, म्हणून 'डिपेंडन्स' (अवलंबून असणं) हा शब्द घेतला; तोही समितीत अवघ्या एका मताच्या फरकाने. मग दुखण्यावर मॉर्फिन घेणारा रुग्णही व्यसनी वाटू लागला. २००६मध्ये मानसोपचारतज्ज्ञ आणि मेंदूसंशोधक नोरा वोल्कोव यांनी दोन सहकाऱ्यांसह याविरुद्ध लिहिलं. २०१३च्या आवृत्तीत निदान म्हणून 'डिपेंडन्स' उरलं नाही.

मावशीला झालं ते शरीराचं. गोळी रोज येते हे धरून चेतापेशी आपलं गणित बसवतात. ती अचानक थांबली की गणित चुकतं. हृदयासाठीची बीटा ब्लॉकर गोळी एकदम सोडली तरी छाती धडधडते. म्हणून डॉक्टर डोस पायरीपायरीने उतरवतात. या गोळीसाठी मावशीचा जीव तळमळत नव्हता. ती तर विसरली होती.

व्यसनाचं मूळ वेगळीकडे. न्यूयॉर्कजवळच्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत वोल्कोव यांनी कोकेन सोडलेल्यांच्या मेंदूचे पेट स्कॅन (मेंदूचं काम टिपणाऱ्या प्रतिमा) काढले. सोडून महिने उलटले तरी हवंहवंसं वाटायला लावणाऱ्या डोपामिन या मेंदूतल्या रसायनाचे डी-२ रिसेप्टर (ते पकडणाऱ्या पेशींवरच्या जागा) कमीच होते, आणि ते जितके कमी, तितका कपाळामागचा, मोह आवरणारा भाग मंद. कोकेन सुटताना अंग थरथरत नाही, उलट्या होत नाहीत. म्हणून एके काळी डॉक्टरांनाही ते फारसं व्यसन लावणारं वाटत नसे!

तंबाखूत दोन्ही येतं. काकांनी मागे एकदा सोडली होती. पहिले पंधरा दिवस चिडचिड, झोप नाही. ते शरीराचं, आणि ते ओसरलं. आठ महिन्यांनी एसटी स्टँडवर शेजारच्याने तळहातावर मळून टाळी मारली, आणि बोलता बोलता काकांनी हात पुढे केला.