ॲस्पेक्ट रेशो (होम थिएटर)

पडद्यावरील चित्राच्या रुंदीचे उंचीशी असलेले प्रमाण. चित्रपटसृष्टीत उंची एक मानून ते १.८५:१ असे, तर दूरचित्रवाणीत ४:३ असे पूर्णांकांत मांडण्याची रीत आहे.

३५ मिमी. फिल्मची मूकपटकालीन चौकट सुमारे १.३३:१ होती. ध्वनिपट्टी आल्यावर, १९३२ मध्ये, हॉलिवूडने १.३७:१ हे प्रमाण ठरवले. दूरचित्रवाणीचे ४:३ त्याला जवळचेच होते. पुढे दूरचित्रवाणीशीच स्पर्धा करण्यासाठी १९५२-५३ पासून अमेरिकी चित्रपट रुंदावले. सिनेमास्कोप या रुंद पडद्याच्या पद्धतीत ॲनामॉर्फिक भिंगाने चित्र आडवे आक्रसून फिल्मवर घेत व प्रक्षेपणात पूर्ववत पसरवीत. त्याचे प्रमाण आरंभी २.५५:१, नंतर २.३५:१ व १९७० पासून सुमारे २.३९:१ झाले, बोलण्यात मात्र २.३५ हाच आकडा टिकून आहे.

आजच्या रुंद दूरचित्रवाणी संचांच्या १६:९ या प्रमाणाच्या उगमाविषयी दोन स्पष्टीकरणे दिली जातात. पहिल्यानुसार १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात अमेरिकी अभियंता कर्न्स पॉवर्स यांनी प्रचलित प्रमाणांचे समान क्षेत्रफळाचे आयत एकाच मध्यबिंदूवर मांडले. त्या सर्वांना सामावणारा बाहेरचा आयत आणि सर्वांना समाईक असलेला आतला आयत, दोन्ही सुमारे १.७७:१ भरले. गणिताने हे अपेक्षितच आहे, कारण ४:३ व २.३५:१ यांचा गुणोत्तर मध्य (गुणाकाराचे वर्गमूळ) १.७७ येतो. दुसऱ्या मतानुसार १६:९ हा ४:३ चा वर्ग असल्याने चित्ररूपांतर सोपे जाते, म्हणून तो निवडला गेला. ही सोय खरी असली, तरी ती निवडीमागचे मूळ कारण नसून पूरक समर्थन असावी. जपानी हाय डेफिनिशन प्रयोगांतील आधीचे ५:३ हे प्रमाण यानंतर मागे पडले.

भारतात प्रचलित पाल या दूरचित्रवाणी पद्धतीच्या डीव्हीडीत ५७६ दृश्य रेषा असतात. २.३५:१ चित्रपट ४:३ चौकटीत लेटरबॉक्स करून (वर व खाली काळ्या पट्ट्या ठेवून) भरल्यास त्यांतील सुमारे ३२७ रेषाच चित्राला मिळतात. १६:९ साठी ॲनामॉर्फिक मुद्रण केल्यास, म्हणजे चित्र आडवे आक्रसून साठवल्यास, सुमारे ४३६ मिळतात. ब्लू-रेवर १९२० × १०८० ही चौकट ठरलेली असल्याने २.३९:१ चित्राच्या वर व खाली प्रत्येकी सुमारे १३८ रेषांच्या काळ्या पट्ट्या उरतात. या पट्ट्यांमुळे चित्र कापले जाते हा समज उलटा आहे: ते कापले जाते पट्ट्या घालवण्यासाठी झूम केल्यावर.

प्रोजेक्टरसाठी २.३५:१ पडदा घेऊन सर्व प्रमाणांच्या चित्रांची उंची कायम ठेवण्याचीही पद्धत आहे. त्यासाठी ॲनामॉर्फिक भिंग किंवा प्रोजेक्टरचा झूम वापरतात. झूमच्या पद्धतीत काळ्या पट्ट्या पडद्याबाहेर जातात आणि सबटायटल्स त्या पट्टीत असल्यास तीही पडद्याबाहेर पडतात.