सैन्य उतरवणारी ओहोटी

दर वर्षी ६ जून जवळ आला की फ्रान्सच्या नॉर्मंडी किनाऱ्याचे फोटो फिरू लागतात. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांशी लढायला मित्रराष्ट्रांचं सैन्य समुद्रातून तिथे उतरलं, तो दिवस 'डी-डे'. फोटोंसोबत त्यातल्या 'डी'चे तऱ्हेतऱ्हेचे अर्थही फिरतात. तो 'डे'चाच डी. तारीख पक्की होईपर्यंत मोहिमेचा हिशेब डी उणे दोन, डी अधिक एक असा मांडायचा. तसाच उतरण्याच्या नेमक्या वेळेसाठी 'एच-अवर'. आणि गंमत या एच-अवरची आहे. ६ जून १९४४ ला तो एक नव्हताच! युटा आणि ओमाहा किनाऱ्यांवर ६:३०, गोल्ड आणि सोर्डवर ७:२५, जुनोवर आणखी थोडा उशिरा.

जर्मन सेनापती रोमेलने वाळूत लाकडी-लोखंडी अडथळे रोवले होते, काहींना सुरुंग बांधलेले. भरतीत ते दिसले नसते. म्हणून ओहोटीनंतर पाणी चढू लागताच उतरायचं, सॅपर्सनी, म्हणजे सुरुंग-स्फोटकं हाताळणाऱ्या सैनिकांनी, उघडे अडथळे उडवायचे, रिकाम्या होड्या चढत्या पाण्यावर परत फिरवायच्या. पण तिथलं पाणी तासाला मीटरभराहून जास्त चढतं. त्यात ओहोटी पश्चिमेच्या युटाला आधी लागते, पूर्वेच्या सोर्डला नंतर. जुनोसमोरचे खडक बुडायलाही थोडं जास्त पाणी हवं होतं.

आता चंद्र. चंद्रामुळे येणारी भरती सुमारे १२ तास २५ मिनिटांनी परतते, सूर्यामुळे येणारी बरोबर १२ तासांनी. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास दोन्ही जुळल्या की उधाण. सूर्याची भरती घड्याळाला बांधलेली, त्यामुळे एका ठिकाणची उधाणाची ओहोटी साधारण ठरावीक वेळीच लागते. नॉर्मंडीत ती सकाळी. छत्रीधारी सैनिकांना चांदणं हवं होतं, म्हणून अमावास्या गळली. उरले ५, ६ आणि ७ जून. पौर्णिमा शुभ की अशुभ, हे कुणाला विचारावं लागलं नाही.

उथळ समुद्रात तळाच्या घर्षणाने भरतीचा आकार बिघडतो आणि आणखी कमी कालावधीचे घटक मिसळतात. इंग्लंडमध्ये लिव्हरपूलजवळ बिडस्टनला भरती-ओहोटीचे तज्ज्ञ आर्थर डूडसन या सगळ्यांची बेरीज यंत्रावर करत. प्रत्येक घटकाला एक कप्पी, प्रत्येक कप्पी आपल्या लयीत वरखाली, सगळ्यांवरून गेलेली एकच तार आणि टोकाला आलेख काढणारी लेखणी. (असंच एक यंत्र १८७९ मध्ये हिंदुस्थानातल्या बंदरांसाठी बनलं होतं.) गुप्ततेपायी डूडसनना किनाऱ्याचं नावही सांगितलं नव्हतं, नुसतं 'पोझिशन झेड'.

५ जून खराब हवामानाने हुकला. ७ पर्यंतही जमलं नसतं, तर सोयीची ओहोटी थेट १९ जूनच्या सुमारास होती, तीही चांदण्याविना. त्याच १९ तारखेला वादळ आलं आणि त्याने ओमाहाचं कृत्रिम बंदर मोडून टाकलं.