कोटा उठला, पण कोणाचा?

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा विषय निघाला की कुणीतरी ठोकून देतं : २००५ साली सरकारनं कोटा, म्हणजे आयातीवरची ठरावीक मर्यादा, उठवला, म्हणून परदेशी माल घुसला. हे साफ उलटं आहे. १ जानेवारी २००५ ला संपला तो अमेरिका-युरोपनं आपल्यासारख्या देशांच्या मालावर लावलेला कोटा. अमेरिकेच्या यादीत सुती टेरी (फासेदार विणीच्या) टॉवेलला ३६३ हा स्वतंत्र गट होता. त्या वर्षाची मर्यादा भरली की पुढचा माल अडलाच. तो कोटा गेला, म्हणजे आपल्या टॉवेलची वाट मोकळी झाली. चीनचीही झाली, हे खरं. म्हणून तर अमेरिकेनं चिनी कापडावर २००८ पर्यंत पुन्हा मर्यादा घातल्या. भारतानं स्वतःची आयातबंधनं २००१ मध्येच काढली होती. तेव्हापासून इथं आवर घालतं ते मुख्यतः आयातशुल्क.