कॉलेजची चलती कोण ठरवतं?

एखाद्या कॉलेजची अचानक चलती का होते आणि कालपर्यंत नावाजलेलं दुसरं मागे का पडतं, याचं उत्तर आपण तिथल्या शिकवण्यात शोधतो. इतिहास पाहिला तर कारणं बहुतेकदा वर्गाबाहेरची निघतात.

मध्ययुगीन युरोपात विद्यापीठाची स्वतःची मालमत्ता फारशी नसे. शिक्षक आणि विद्यार्थी उठून गेले की विद्यापीठच गेलं. १२०९ मध्ये ऑक्सफर्डच्या नगरवासीयांशी बिनसलं आणि तिथली काही मंडळी केंब्रिजला जाऊन राहिली. १२२२ मध्ये बोलोन्यातून फुटून निघालेल्यांमुळे पादुआचं विद्यापीठ उभं राहिलं.

सगळ्यात मजेशीर प्रकरण पॅरिसचं. १२२९ मध्ये दारूच्या बिलावरून विद्यार्थ्यांची गुत्तेवाल्याशी जुंपली, पुढे दंगल झाली, नगररक्षकांच्या हातून काही विद्यार्थी मारले गेले आणि शिक्षकांनी काम बंद केलं. हा बंद सुमारे दोन वर्षं चालला. तूलूझला तेव्हा नवं विद्यापीठ निघत होतं. तिथल्यांनी ही संधी साधून एक पत्रक सगळीकडे धाडलं: पॅरिसमध्ये ॲरिस्टॉटलच्या ज्या निसर्गविषयक ग्रंथांवर बंदी आहे, ते आमच्याकडे शिकायला मिळतील. शिवाय खाणंपिणं स्वस्त, लोक प्रेमळ आणि वर पापक्षालनाचीही सोय. प्रवेशाच्या आजच्या माहितीपुस्तिकेत पापक्षालन तेवढं नसतं, बाकी मसाला तोच.

पुढची कित्येक शतकं हा ओढा कोणी मोजला नाही. तो मोजायची सोय झाली विसाव्या शतकात, अमेरिकेत. १९७५ मध्ये पंधरा खासगी कॉलेजांनी मिळून ‘कॉमन ॲप्लिकेशन’ हा एकच सामाईक अर्ज सुरू केला. ही सोय कारकुनी वाटते, पण परिणाम मोठा झाला. पुढे शेकडो संस्था त्यात आल्या आणि एकेक विद्यार्थी जास्त ठिकाणी अर्ज करू लागला. जागा जवळपास तेवढ्याच, अर्ज मात्र वाढते. मागणी खरंच वाढली की तेच विद्यार्थी दहा रांगांत उभे आहेत, हे नुसत्या आकड्यावरून कळेना.

१९८३ मध्ये ‘यू. एस. न्यूज’ या साप्ताहिकाने पहिली क्रमवारी छापली. पद्धत अगदी साधी होती: १,३०८ कॉलेजप्रमुखांना मत विचारलं. निम्म्यांच्या आसपास उत्तरं आली, स्टॅनफर्ड पहिलं ठरलं. काही वर्षांत मतांच्या जोडीला आकडेवारी आली आणि त्यात अर्जदारांपैकी किती जणांना प्रवेश दिला, हे प्रमाणही होतं. गाडं इथेच फिरलं असं मला वाटतं. जितक्यांना नकार, तितकं कॉलेज भारी! मग घ्यायचं नाही अशांकडूनही अर्ज मागवण्यात संस्थांचा फायदा झाला. प्रवेश मिळाल्यास इथेच येईन, असं आधीच लिहून घेण्याची ‘अर्ली डिसिजन’ पद्धतही या खेळात उपयोगी पडली, कारण येणारे नक्की असले की कमी जणांना होकार देऊनही जागा भरतात.

दरम्यान १९८४ मध्ये बॉस्टन कॉलेजच्या डग फ्लूटी या खेळाडूने अमेरिकन फुटबॉलच्या सामन्यात शेवटच्या क्षणी लांबलचक पास टाकून मायामी विद्यापीठाच्या संघाला हरवलं. पुढच्या दोन वर्षांत कॉलेजकडचे अर्ज सुमारे ३० टक्क्यांनी वाढले आणि ‘फ्लूटी परिणाम’ हा शब्दच रूढ झाला. अर्ज त्याआधीच्या वर्षांतही वाढतच होते, हे सांगायला कोणी थांबत नाही.

२०१६ मध्ये स्टॅनफर्डने शंभर अर्जदारांमागे पाच जणांनाही प्रवेश दिला नाही. २०१८ मध्ये त्याच विद्यापीठाने प्रवेशाच्या हंगामात हे आकडे जाहीर करणं थांबवलं आणि ‘यू. एस. न्यूज’नेही नकारांचं हे माप आपल्या सूत्रातून काढून टाकलं. तोवर अर्जदारांच्या घराघरात ते पक्कं रुजलं होतं.

क्रमवारीच्या आकड्यांवर संशय मात्र वाढत गेला. कोलंबिया विद्यापीठाच्याच गणिताच्या एका प्राध्यापकाने संस्थेने दिलेल्या माहितीवर बोट ठेवलं आणि २०२२ मध्ये कोलंबिया दुसऱ्या क्रमांकावरून अठराव्यावर आलं. पुढच्या वर्षी पदवी अभ्यासक्रमांची माहिती देणंच विद्यापीठाने बंद केलं. यातही नवं काही नव्हतं. ओरेगनच्या रीड कॉलेजने १९९५ मध्येच माहिती द्यायला नकार दिला होता. तरी यादीतून सुटका दोघांचीही झाली नाही, कारण माहिती न देणाऱ्यांनाही ‘यू. एस. न्यूज’ आपल्या परीने क्रमांक देतच राहतं.