दोष तिखटाचा की कांद्याचा? आयबीएसचं दुखणं आणि कोल्हापुरी ताट

कोल्हापुरात पोट दुखतंय म्हटलं की पहिला सल्ला ठरलेला: "तिखट बंद कर." माणूस तांबड्याची वाटी बाजूला सारून पांढऱ्यावर येतो, मिसळ सोडून सकाळी दूध-चपाती खातो. महिना जातो आणि दुपारी चारच्या सुमाराला बेंबीखाली तीच कळ पुन्हा उठते. सोनोग्राफी नॉर्मल, रक्त नॉर्मल, दुर्बिणीची तपासणीही नॉर्मल. मग घरातलं कुणीतरी हळूच म्हणतं, "मनाचं असेल."

मनाचं नाही. हा आयबीएस, म्हणजे इरिटेबल बाउल सिंड्रोम: आतडं दुखतं, पण तपासणीत काही सापडत नाही. १९७३ साली रिची नावाच्या ब्रिटिश डॉक्टरांनी आयबीएसच्या रुग्णांच्या मोठ्या आतड्याच्या खालच्या भागात फुगा सरकवून तो ६० मिलिलिटरपर्यंत फुगवला. निम्म्याहून अधिक रुग्ण कळवळले. निरोगी माणसांत मात्र अगदी थोड्यांनाच दुखलं. पुढे २०१७ मध्ये नॉटिंगहॅमच्या संशोधकांनी एमआरआय काढून पाहिलं, तेव्हा तेच पदार्थ खाल्ल्यावर रुग्णांच्या आणि निरोगी लोकांच्या पोटात गॅस साधारण सारखाच भरलेला दिसला. फरक होता तो सोसण्यात. आतड्याच्या भिंतीतल्या मज्जातंतूंचा उंबरठा खाली आलेला असतो, त्यामुळे इतरांना जो ताण जाणवतही नाही तोच इथे कळ बनून मेंदूपर्यंत पोचतो. तपासणीत जखम दिसत नाही, कारण जखम नसतेच.

हा उंबरठा खाली येण्याचं एक नेहमीचं कारण म्हणजे आधी होऊन गेलेला जोरदार जुलाब. मे २००० मध्ये कॅनडातल्या वॉकरटन गावात मुसळधार पावसाने गुरांचं शेण विहिरीच्या पाण्यात उतरलं आणि २,३०० हून अधिक लोक आजारी पडले. त्यांच्यावर पुढे अनेक वर्षं लक्ष ठेवलं गेलं, आणि जुलाब थांबून वर्षं लोटली तरी त्यांच्यात आयबीएसचं प्रमाण वाढलेलं सापडलं. पंचगंगेच्या २०१९ आणि २०२१ च्या पुरांनंतर ज्यांना जुलाब झाले आणि ज्यांचं पोट तेव्हापासून "पूर्वीसारखं राहिलंच नाही", त्यांनी डॉक्टरांना ही गोष्ट आवर्जून सांगावी. नुसत्या "पोट बिघडतंय"पेक्षा तिचा उपयोग जास्त होतो.

निदानाचे २०१६ मध्ये ठरलेले निकष असे. गेले तीन महिने आठवड्यातून किमान एक दिवस पोटात दुखणं, तक्रार सहा महिन्यांपूर्वी सुरू झालेली असणं, आणि तीनपैकी दोन गोष्टी: दुखण्याचा शौचाशी संबंध, किती वेळा जावं लागतं यात बदल, मल घट्ट किंवा पातळ होण्यात बदल. पण मलात रक्त, आपोआप घटणारं वजन, ताप, रक्तक्षय, झोपेतून उठवणारं दुखणं, पन्नाशीच्या आसपास पहिल्यांदाच सुरू झालेली तक्रार किंवा घरात आतड्याच्या कर्करोगाचा इतिहास, यातलं काहीही असेल तर पुढचं वाचू नका, आधी डॉक्टर गाठा. आपल्याकडे आतड्याचा क्षयही विसरून चालत नाही.

आता घड्याळ. आयबीएसमध्ये सर्वात मोठी फसगत वेळेची होते. खाल्ल्याबरोबर, अर्ध्या तासाच्या आत कळ येऊन पळावं लागलं, तर ते बहुधा त्या घासातल्या पदार्थाने झालेलं नसतं. पोट भरलं की मोठं आतडं आपोआप हालचाल करतं. घास मोठा, तेलकट किंवा सोबत कडक चहा-कॉफी असेल तर जास्तच जोराने. उपाय ताट छोटं करण्याचा. याउलट चार ते आठ तासांनी फुगून दुखलं तर पदार्थ मोठ्या आतड्यात पोचून आंबतोय. सकाळी नऊला खाल्लेली मिसळ दुपारी तीनला दुखते आणि दोष जातो एकच्या जेवणातल्या वांग्यावर. म्हणून दोन आठवडे वहीत तीनच गोष्टी लिहा: काय खाल्लं, किती वाजता, दुखलं किती वाजता.

जे आंबतं त्याचा छडा मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठात लागला. लहान आतड्यात नीट न शोषल्या जाणाऱ्या काही साखरा आणि छोटी पिष्टं यांना एकत्र फॉडमॅप म्हणतात. आपल्या ताटात ती कुठे असतात? कांदा, लसूण आणि गव्हात फ्रुक्टान, राजमा, हरभरा, बेसनात गॅलॅक्टान, दुधात लॅक्टोज, आंबा आणि मधात जादा फ्रुक्टोज, साखरमुक्त च्युइंगगममध्ये सॉर्बिटॉल. आता "सौम्य" म्हणून निवडलेला पांढरा रस्सा तपासा: लसूण आलाच, बऱ्याच घरांत कांदाही, आणि काजूत फ्रुक्टान-गॅलॅक्टान दोन्ही. गंगावेशच्या कट्ट्यावरच्या ताज्या म्हशीच्या दुधाच्या २५० मिलिलिटर ग्लासात सुमारे १२ ग्रॅम लॅक्टोज आहे, वर भरपूर साय. मिरची सोडून हेच वाढवलं तर कळ थांबावी कशी?

खरी अडचण आपल्या चटणीत आहे. उन्हाळ्यात वर्षभरासाठी कुटून ठेवतो ती कांदा-लसूण चटणी भाजीत, आमटीत, रश्श्यात सगळीकडे पडते. फ्रुक्टान पाण्यात विरघळतो. म्हणून रश्श्यातला कांदा काढून टाकला तरी उपयोग नाही, जे जायचं ते रश्श्यात गेलेलं असतं. पण तो तेलात विरघळत नाही, आणि लसणाचा वास मात्र तेलात उतरतो. हीच सुटका. पळीभर तेलात चार-पाच अख्ख्या पाकळ्या मंद आचेवर सोनेरी करा, पाण्याचा थेंबही पडण्याआधी पाकळ्या काढून टाका, मग हिंग-जिरं घालून फोडणी द्या. पाकळ्या ठेचल्या तर बारीक कण तेलात राहतात आणि बेत फसतो. हे तेल बरणीत साठवू नका. बाहेर ठेवलेल्या लसणाच्या तेलात बोट्युलिझम या गंभीर विषबाधेचे जंतू वाढू शकतात, रोज ताजं करा. कांद्याच्या चवीसाठी पातीचा हिरवा भाग चालतो, पांढरा नाही. आणि पुढच्या वेळी डंकावर जाताना एक छोटी बरणी वेगळी करून घ्या: मिरची, धणे, सुकं खोबरं, तीळ, हिंग; कांदा-लसूण नाही.

बाकी ताट फार बदलावं लागत नाही, हे कोल्हापूरकरांचं नशीब. ज्वारीची भाकरी, भात, नाचणी, अंडी, मासे, मटण, बटाटा, गाजर, काकडी, पालक हे सगळं चालतं. मटणात फॉडमॅप नाहीच, जे असतं ते वाटणात.

फॉडमॅपवरची ही बंदी चार ते सहा आठवड्यांची, त्याहून जास्त नाही. जास्त ताणली तर आतड्यातले उपयोगी बायफिडो जिवाणू घटतात आणि माणूस खायलाच घाबरायला लागतो. सहा आठवड्यांत काहीच फरक नाही? मग हा मार्ग आपला नाही, पुन्हा चपाती खा. फरक पडला तर एकेक पदार्थ परत आणायचा. दूध पहिल्या दिवशी ६० मिलिलिटर, दुसऱ्या दिवशी १२०, तिसऱ्या दिवशी २४०. मग तीन दिवस सुट्टी आणि पुढचा पदार्थ. गहू अर्धी चपाती, एक, दोन. लसूण पाव पाकळी, अर्धी, एक. कांदा आणि लसूण एकाच वेळी आणू नका, दोघांपैकी कोण चोर ते कळणार नाही. बहुतेकांना एक-दोन गटच सोसत नाहीत, बाकीचं परत ताटात येतं.

मग मिरची निर्दोष का? तसं नाही. मिरचीतलं कॅप्सायसिन ज्या ग्राहीला (मज्जातंतूवरच्या संवेदना टिपणाऱ्या रेणूला) जागं करतं तो १९९७ मध्ये डेव्हिड ज्युलियस यांनी शोधला. २०२१ चं नोबेल त्यांना आणि दाब-ताण ओळखणारे ग्राही शोधणाऱ्या आर्डेम पॅटापुटियन यांना मिळून मिळालं. म्हणजे तिखट आणि फुगणं, आपली दोन्ही दुखणी एकाच बक्षिसात! आयबीएसच्या काही रुग्णांच्या आतड्यात मिरचीचा ग्राही असलेले तंतू जास्त सापडले आहेत. पण हाच ग्राही रोजच्या थोड्या मिरचीने हळूहळू सुस्तावतो. म्हणून सहा दिवस अळणी खाऊन रविवारी तांबड्यावर तुटून पडणं ही सगळ्यात वाईट पद्धत. रोज थोडं, एकसारखं तिखट बरं.

कळ उठल्यावर काय करायचं? गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून १५-२० मिनिटं पोटावर ठेवा. तासन्‌तास ठेवली तर कातडीवर तपकिरी जाळीदार डाग पडतात. गुडघे पोटाशी घेऊन कुशीवर झोपा, एक हात बेंबीवर ठेवा. चार सेकंद श्वास आत, सहा सेकंद बाहेर, दहा मिनिटं. श्वास घेताना हात वर उचलला गेला पाहिजे, छाती नाही. पिंपासारखं फुगलेलं पोट बऱ्याचदा गॅसपेक्षा श्वासपटल खाली दाबून धरल्याने पुढे येतं, ते या श्वासाने सैल होतं. जमेल तर दहा मिनिटं चाला. डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या या मुरड्यावर फारसं काम करत नाहीत, जठराला मात्र त्रास देतात. ट्रामाडॉल या अधिक तीव्र वेदनाशामकाने बद्धकोष्ठ होतं, आणि सतत घेतलं तर पोटाचं दुखणं उलट वाढतं.

ईसबगोल विरघळणारा तंतू (फायबर) आहे, गव्हाचा कोंडा तसा नाही. कोंड्याने अनेकांना जास्त त्रास होतो. दिवसाला ३-४ ग्रॅमने सुरू करा, म्हणजे साधारण दोन सपाट चहाचे चमचे, ग्लासभर पाण्यात घालून घट्ट होण्याआधी पिऊन टाका. दर आठवड्याला थोडं वाढवा. पहिल्याच दिवशी मोठा डोस घेतला की पोट फुगतं आणि डबा कायमचा कपाटात जातो. पेपरमिंट तेलाची आतड्यातच उघडणारी कॅप्सूल जेवणाआधी अर्धा तास, अख्खी गिळायची. चावली किंवा अँटासिडबरोबर घेतली तर वरच्या वर उघडते आणि छातीत जळजळ होते. पुदिन्याच्या चटणीतून तेवढं तेल मिळत नाही.

एवढ्यानेही दुखणं हटलं नाही तर डॉक्टर ॲमिट्रिप्टिलिन सुचवतील. नाव ऐकून "मला वेडाची गोळी दिली" म्हणून चिठ्ठी फाडणारे आहेत. नैराश्यासाठी ही गोळी ७५ ते १५० मिलिग्रॅमच्या घरात देतात; इथे रात्री १० मिलिग्रॅमने सुरू होते आणि क्वचितच ३० च्या पुढे जाते. एवढ्या डोसाचं काम म्हणजे आतड्याकडून मेंदूकडे जाणारा संदेश मंदावणं. २०२३ मध्ये ब्रिटनमध्ये ४६३ रुग्णांवर सहा महिने केलेल्या चाचणीत ती दिखाऊ (औषध नसलेल्या) गोळीपेक्षा सरस ठरली. सुरुवातीला तोंड कोरडं पडतं, सकाळी सुस्ती राहते, बद्धकोष्ठ असेल तर वाढू शकतं, म्हणून झोपण्याच्या दोन तास आधी घ्यावी. परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. चौथ्या दिवशी "काही फरक नाही" म्हणून ती बंद करू नये.