सही कोण करणार? स्मृतिभ्रंश आणि कायद्यातून गळलेले प्रकरण

ठाण्यात नौपाड्यातली जुनी इमारत पुनर्विकासाला निघते. नव्या घराच्या करारावर सभासदाची सही लागते, नोंदणीला दुय्यम निबंधकासमोर फोटो आणि अंगठा. फ्लॅट आजोबांच्या एकट्याच्या नावावर आणि आजोबांना आपला मजलाही आठवत नाही. सही करणारा भानावर नाही असे दिसले, तर नोंदणी कायद्याच्या कलम 35 खाली निबंधक दस्त परत पाठवतो. वाशीतल्या सिडकोच्या इमारतींतही हेच. स्मृतिभ्रंशाच्या घरात औषधांपाठोपाठ हा प्रश्न दारात उभा राहतो. पूर्वी तो एवढा अवघड नव्हता.

1858 साली वेडसरपणाविषयी तीन कायदे झाले. एक इस्पितळांचा, उरलेले दोन माणसाच्या इस्टेटीचे. सरकारला माणसापेक्षा इस्टेटीची काळजी जास्त होती, असे म्हणायला जागा आहे! 1912 च्या इंडियन लुनसी ॲक्टने हे सगळे एकत्र बांधले. पुढे 1987 चा मानसिक आरोग्य कायदा आला, तो 1993 मध्ये लागू झाला आणि मालमत्तेचे प्रकरण त्यानेही ठेवले. त्यामुळे ठाण्यातल्या कुटुंबाला कोर्ट नाक्यावरच्या जिल्हा न्यायालयात अर्ज करता येई. न्यायालय चौकशी करून रुग्णासाठी पालक आणि मालमत्तेसाठी व्यवस्थापक नेमी. व्यवस्थापकाला वर्षाचा हिशेब सादर करावा लागे.

2017 चा मानसिक आरोग्यसेवा कायदा 2018 पासून लागू झाला. रुग्णाच्या हक्कांच्या दृष्टीने तो कितीतरी पुढचा आहे, पण जुना कायदा रद्द होताना मालमत्तेचे प्रकरणही गेले आणि त्याच्या जागी काहीच आले नाही. 1999 चा नॅशनल ट्रस्ट कायदा पालक नेमतो, पण ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांच्यापुरता. उतारवयातला स्मृतिभ्रंश त्यात बसत नाही.

व्यवहारात उरला एकच दरवाजा, उच्च न्यायालयाचा. पालक नेमून घ्यायला संविधानाच्या अनुच्छेद 226 खाली याचिका करायची, म्हणजे ठाण्याहून फोर्ट गाठायचे. केरळ उच्च न्यायालयाने 2019 मध्ये कोमातल्या रुग्णाच्या प्रकरणात याची पद्धत घालून दिली, आणि स्मृतिभ्रंशाच्या याचिकांतही साधारण तीच कागदपत्रे लागतात: निदानाचे कागद, वैद्यकीय मंडळाचा अहवाल, सगळ्या मालमत्तेची व खात्यांची यादी, प्रत्येक कायदेशीर वारसाचे नाव. घोडे बहुतेक वेळा इथेच अडते. परदेशातल्या बहिणीचे ना-हरकत प्रतिज्ञापत्र येत नाही, किंवा यादीतून एखादी एफडी सुटते आणि बँक त्या एफडीसाठी आदेश मानत नाही.

हे टाळायला घरोघरी मुखत्यारपत्र करून ठेवतात. त्यातली मेख कोणी सांगत नाही. करार कायद्याच्या कलम 201 प्रमाणे मुखत्यारपत्र देणाऱ्याचे भान गेले की मुखत्यारी संपते. म्हणजे ज्या दिवसासाठी कागद केला, नेमका त्याच दिवशी तो निकामी होतो. भान गेल्यावरही चालणारे मुखत्यारपत्र काही देशांत आहे, आपल्याकडे नाही. नॉमिनीबद्दलही असाच गैरसमज. नॉमिनीचा हक्क खातेदाराच्या मृत्यूनंतर सुरू होतो, आजारपणात त्याला एक रुपयाही काढता येत नाही.

म्हणून निदान झाल्यावरचे पहिले महिने मोलाचे. रुग्णाला व्यवहार कळतो तोवर पेन्शनचे खाते जोडीदारासोबत ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’, म्हणजे दोघांपैकी कोणाच्याही एकाच्या सहीवर चालणारे, करून घ्यावे. ‘फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर’ नको, त्यात पहिल्या खातेदाराच्या हयातीत दुसऱ्याची सही चालत नाही. जोडनावाची एफडी मुदतीआधी मोडायची तर बँक दोघांच्याही सह्या मागते, हेही ध्यानात ठेवावे. मृत्युपत्र करायचे असेल तर त्याच दिवसाचे डॉक्टरांचे प्रमाणपत्र सोबत जोडावे. उपचारांचे निर्णय घेणारा प्रतिनिधी 2017 च्या कायद्याच्या कलम 14 खाली साध्या कागदावर सही किंवा अंगठा करून नेमता येतो. त्या कागदावर बँक मात्र पैसे देणार नाही.

घर मुलाच्या नावावर बक्षीसपत्राने करून मोकळे व्हायचे, हा मार्ग अनेक जण धरतात. त्यात ‘सांभाळ करीन’ ही अट शब्दांत लिहून घ्यावी. ती मोडली तर 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम 23 खाली प्रांत अधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे बक्षीसपत्र रद्द करून मागता येते. अट लिहिलेली नसेल तर तिथे दाद मिळणे अवघड.