टाका गळतोय की रक्तच गोठत नाहीये?

हृदयाच्या मोठ्या शस्त्रक्रियेत कधी कधी खरी कसोटी लागते ती मुख्य काम संपल्यावर. नव्या वाहिन्या जोडून झालेल्या असतात, हृदय पुन्हा धडधडू लागलेलं असतं, शस्त्रक्रियेदरम्यान हृदय-फुप्फुसांचं काम करणारं हार्ट-लंग मशीनही बंद झालेलं असतं. पण छाती बंद करता येत नाही, कारण रक्त थांबत नाही. एका ठिकाणाहून धार लागलेली नसते, सगळीकडून पाझर सुरू असतो. सर्जन गॉज दाबून धरतात आणि भूलतज्ज्ञाला ठरवावं लागतं की रक्तपेढीतून नेमकं काय मागवायचं.

ही अडचण बरीचशी त्या मशीनमुळेच येते. १९५३ साली फिलाडेल्फियात जॉन गिबन यांनी असं मशीन वापरून हृदयावरची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया केली. रक्त शरीराबाहेर नळ्यांतून फिरवायचं, तर ते तिथे गोठून चालत नाही. म्हणून रुग्णाला वजनाच्या दर किलोमागे ३०० ते ४०० युनिट हिपॅरिन, म्हणजे रक्त गोठू न देणारं औषध, देतात. नळ्या आधी द्रवाने भराव्या लागतात, त्यामुळे रक्त पातळ होतं. परक्या पृष्ठभागाला लागून प्लेटलेट, म्हणजे गुठळी बनवणाऱ्या रक्तातल्या बारीक पेशी, खर्ची पडतात, गुठळ्या विरघळवणारी शरीराची यंत्रणा चाळवते, शिवाय अनेकदा शरीर थंड केलेलं असतं. शेवटी हिपॅरिन निष्प्रभ करायला प्रोटामिन देतात. ते कमी पडलं तर रक्त गोठत नाही, आणि जास्त झालं तरी गोठण्यात अडथळा येतो.

म्हणजे संशयित बरेच, आणि डोळ्यांना दिसतो तो पाझर मात्र सगळ्यांचा सारखाच. उपाय वेगवेगळे. हिपॅरिन उरलं असेल तर आणखी प्रोटामिन. फायब्रिनोजेन, म्हणजे गुठळीचे धागे ज्यापासून बनतात ते प्रथिन, कमी पडलं असेल तर क्रायोप्रेसिपिटेट (प्लाझ्मापासून काढलेला, फायब्रिनोजेन भरपूर असलेला घटक) किंवा फायब्रिनोजेनचं इंजेक्शन. गोठवणारे बाकीचे घटक घटले असतील तर प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला द्रव भाग, किंवा त्या घटकांचं औषध. गुठळी बनून विरघळत असेल तर ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड. आणि यातलं काहीच नसेल, तर कुठला तरी टाका गळतोय. तिथे कितीही पिशव्या लावल्या तरी उपयोग नाही, सर्जनलाच तो शोधावा लागतो.

प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या तपासण्या इथे तोकड्या पडतात. अहवाल हाती येईपर्यंत पाऊण तास, तासही जातो. त्या केल्या जातात नुसत्या प्लाझ्मावर, पेशी आणि प्लेटलेट बाजूला काढून. रक्त गोठायला कधी लागतं एवढं त्या सांगतात, झालेली गुठळी किती भक्कम आहे हे नाही. मग अंदाजाने प्लाझ्मा आणि प्लेटलेट दोन्ही मागवले जातात. प्लाझ्माने रक्त आणखी पातळ होतं, हिमोग्लोबिन उतरतं, की लाल पेशींचीही पिशवी लावावी लागते. नुकत्याच शिवलेल्या हृदयावर एवढ्या द्रवाचा भार पडतो आणि फुप्फुसांना इजा होण्याचा धोकाही असतो. चुकीची पिशवी ही निव्वळ वाया गेलेली पिशवी नव्हे, ती रुग्णाला भोवू शकते.

यावरचा तोडगा जुनाच आहे. १९४८ साली जर्मनीतल्या हायडेलबर्गमध्ये हेलमुट हार्टर्ट यांनी एक उपकरण मांडलं. छोट्या पेल्यात रुग्णाचं थोडं रक्त, त्यात तारेला टांगलेली कांडी, आणि पेला जेमतेम पाच अंशांत मागे-पुढे हलता. रक्त पातळ असेतो कांडी स्थिर राहते. गुठळी धरू लागली की कांडी पेल्याबरोबर ओढली जाते, आणि त्या ओढीचा आलेख निघतो. आलेख रुंदावायला उशीर झाला तर गोठवणारे घटक कमी आहेत किंवा हिपॅरिन उरलंय, अरुंदच राहिला तर गुठळी कच्ची, रुंदावून पुन्हा आक्रसला तर ती विरघळतेय. पुढे म्युनिकमध्ये घडलेल्या ‘रोटेम’ या यंत्रात पेला स्थिर असतो आणि कांडी फिरते.

मला सर्वांत सुंदर वाटते ती शेजारी शेजारी पेले लावण्याची युक्ती. एका पेल्यात प्लेटलेट निकामी करणारं रसायन घालतात, म्हणजे उरलेली ताकद फायब्रिनोजेनची. दुसऱ्यात हिपॅरिन नष्ट करणारं विकर (एन्झाइम). तिथे रक्त वेळेवर गोठलं आणि शेजारी उशिरा, तर दोषी हिपॅरिन. गुठळी धरू लागल्यापासून ५ ते १० मिनिटांत तिची ताकद कळते. हिपॅरिनचा असर पेल्यातच काढता येत असल्याने रुग्ण अजून मशीनवर असतानाही तपासणी होते, आणि पाझर सुरू होण्याआधीच काय लागेल ते ठरवता येतं.

याची मोठी परीक्षा कॅनडाच्या ऑन्टारियो प्रांतातल्या १२ रुग्णालयांत झाली. ७,४०२ रुग्णांचा हा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. रुग्णालयांनी ठरलेल्या क्रमाने, टप्प्याटप्प्याने नवी पद्धत सुरू केली. लाल पेशी द्याव्या लागण्याची शक्यता ९ टक्क्यांनी घटली, प्लेटलेटची २३ टक्क्यांनी, मोठ्या रक्तस्रावाची १७ टक्क्यांनी. इतर गंभीर गुंतागुंतींत मात्र फरक दिसला नाही, हेही तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवं. तरीही साधारण २५ रुग्णांमागे एकाला लाल पेशींची पिशवी लावावीच लागली नाही. मे महिन्यात महाविद्यालयं बंद होतात, शिबिरं थंडावतात आणि महाराष्ट्रातल्या रक्तपेढ्यांत तुटवडा पडतो. तिथे रांगेत उभ्या राहिलेल्या नातेवाइकांना हा आकडा लहान वाटणार नाही.

ऑन्टारियोतलं यश एकट्या यंत्राचं नव्हतं. ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेलने मंदावलेल्या प्लेटलेट या आलेखात नीट पकडल्या जात नाहीत, आणि हृदयरुग्णांपैकी कितीतरी जण हीच औषधं घेत असतात. म्हणून तिथे प्लेटलेटच्या कामाची वेगळी तपासणी जोडली होती. शिवाय कोणत्या आकड्याला काय द्यायचं, याचा लिखित क्रम आधीच ठरलेला होता. तो क्रम नसेल तर यंत्र असूनही पिशव्या जुन्या सवयीनेच मागवल्या जाऊ शकतात.